स्थिरचित्र : पाहिलेले आणि कल्पिलेले

(संस्थेच्या चित्रकला वर्गाच्या प्रदर्शनप्रसंगी पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



अशा समारंभाला वक्ता म्हणून सहसा एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याला किंवा डॉक्टरला बोलावण्याची पद्धत आहे. यंदा संस्थेने एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरला बोलावले, याबद्दल मी तिचा आभारी आहे. ड्रॉइंगचा तास म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातला उसना देण्याचा तास. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझे कितीतरी तास गणिताने आणि इंग्रजीने नेले, आणि उसने नेलेले परत करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आज मात्र हा सगळा तास माझा आहे, आणि तो मी एकाच विषयावर खर्च करणार आहे.

माझ्या शेजारी हे टेबल आहे. त्यावर कल्हई केलेला तोटीचा बधना आहे, दोन कांदे आहेत, इनॅमलची एक पांढरी बशी आहे आणि घडी विस्कटलेला एक टॉवेल आहे. मघाशी दोघा पालकांना वाटले की हे सामान स्वयंपाकघरातून चुकून इकडे आले, आणि ते उचलून न्यायला निघाले. त्यांना मी थांबवले. हे सामान आजचे प्रमुख पाहुणे आहे. ज्यांच्या हाती हे भाषण पुढे छापील स्वरूपात पडेल, त्यांनी वाचण्यापूर्वी आपल्या घरातल्या अशाच चार वस्तू खिडकीजवळ मांडून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. नुसते वाचून यातले काही कळणार नाही.

आपल्या राज्याच्या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा पालकांना ठाऊक आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र असा विषय असतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात, तेव्हापासून तर या विषयाला घरोघरी मान मिळू लागला आहे. परीक्षेविरुद्ध माझी तक्रार नाही. तिच्यामुळेच खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती रंगपेटी आली. परंतु परीक्षेत वस्तू पाहून काढण्याचा कागद वेगळा असतो आणि स्मरणचित्राचा वेगळा. त्यामुळे मुलांची अशी समजूत होऊन बसते की, समोर वस्तू असेल तेव्हा डोळे वापरायचे आणि नसेल तेव्हा डोके. ही वाटणी वेळापत्रकाच्या सोयीसाठी आहे. माणूस पाहतो तेव्हा अशी वाटणी करीत नाही, आणि चित्र काढतानाही ती करता येत नाही. हेच मला आज तुम्हाला या बधन्याच्या साहाय्याने दाखवायचे आहे.

प्रथम नुसते पाहा. पेन्सिल खाली ठेवा. दहा मिनिटे पाहा म्हटले की मुले दोन मिनिटांत कंटाळतात, आणि पालक एका मिनिटात. तरीही पाहा.

बधन्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु तुम्ही बसला आहात तिथून ते गोल दिसत नाही, लंबवर्तुळ दिसते. उभे राहिलात की ते लंबवर्तुळ फुगते. गुडघे टेकून डोळे तोंडाच्या पातळीला आणलेत की त्याची नुसती आडवी रेघ होते. आता बुडाकडे नजर न्या. बूड डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा अधिक खाली आहे, म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली दिसते. खोटे वाटत असेल तर घरी काचेचा सरळ पेला घ्या, अर्धा पाण्याने भरा, आणि तोंड, पाणी व तळ या तीन गोलांची रुंदी एकाखाली एक पाहा. असे असूनही बहुतेक मुले भांड्याच्या बुडाला सरळ रेघ मारतात. का? भांडे टेबलावर नीट बसले आहे, डगमगत नाही, आणि टेबल सपाट आहे, हे त्यांना ठाऊक असते. हात डोळ्याचे ऐकत नाही, ठाऊक असलेल्याचे ऐकतो.

म्हणजे पहिल्या पायरीवर डोक्याला जरा गप्प बसवावे लागते. त्यासाठी जुनी, साधी साधने आहेत. हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, आणि बधन्याची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजा. हात कोपरात वाकला की माप बिघडते, हे लक्षात ठेवा. दुसरे साधन मला त्याहून आवडते. बधना पाहू नका, बधन्याची तोटी आणि पोट यांच्यामध्ये जी रिकामी जागा आहे ती पाहा. तिचा आकार काढा. त्या रिकाम्या जागेला नाव नाही, त्यामुळे तिच्याविषयी आपल्याला आधीपासून काही ठाऊक नसते, आणि हात निमूटपणे डोळ्यामागे जातो. तोटी अनेकदा चुकते ती तोटी काढायला गेल्यामुळेच. भोवतालची जागा बरोबर काढली की तोटी आपोआप बरोबर येते.

आता दुसरी पायरी, आणि इथे गंमत सुरू होते. ज्या डोक्याला आपण गप्प बसवले, त्यालाच आता बोलवायचे आहे. हे दोन कांदे पाहा. पुढचा कांदा मागच्या कांद्याचा निम्मा भाग झाकतो. मुलगा पुढचा कांदा पूर्ण काढतो आणि मागच्या कांद्याची दिसणारी कड त्याला चिकटवून देतो. दिसते तेवढेच काढले, चूक काय? चूक अशी की त्या मागच्या कांद्याला टेबलावर उभे राहायला जागाच उरत नाही. तो पुढच्या कांद्याच्या पोटात शिरल्यासारखा वाटतो. म्हणून मागचा कांदा फिकट रेघेने पूर्ण काढायचा, न दिसणाऱ्या भागासकट, आणि मग झाकलेला भाग पुसायचा. बधन्याच्या तोंडाची पलीकडची कड, बुडाची मागची कड, टॉवेलखाली गेलेला टेबलाचा काठ, या सर्व गोष्टी अशाच मनाने पलीकडे जाऊन काढाव्या लागतात. डोळ्याला न दिसणारे परंतु खरोखर असलेले काढणे, हे कल्पनाशक्तीचे पहिले काम. परी आणि उडते घोडे पुष्कळ नंतर येतात. त्यांच्यावाचून माझे तरी काही अडलेले नाही.

सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेले आणि पुढे कैरोत राहिलेले इब्न अल-हैसम यांचे नाव विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही वाचले असेल. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर जातात, असे मानणारे त्या काळी बरेच होते. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो, हे इब्न अल-हैसम यांनी आपल्या ‘किताब अल-मनाझिर’ या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे मांडले. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच ग्रंथातला दुसरा भाग चित्रकाराच्या अधिक कामाचा आहे. नुसता प्रकाश डोळ्यात आल्याने वस्तूची ओळख पटत नाही. मन तिला पूर्वी पाहिलेल्या वस्तूंशी ताडून पाहते, अनुमान करते, आणि हे इतक्या झटपट होते की त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही, असे त्यांनी मांडले आहे. म्हणजे स्थिरचित्राच्या वर्गात मी आज जे सांगतो आहे, त्याचा पाया हजार वर्षांपूर्वी घातला गेला आहे.

उजेडाबद्दल थोडे सांगतो. थोडेच, कारण उजेड सांगून कळत नाही. खिडकी डावीकडे आहे, म्हणून पडछाया उजवीकडे पडल्या आहेत. कांद्याची पडछाया कांदा टेबलाला टेकतो तिथे सर्वांत गडद आहे, आणि लांब जाताना फिकट व विरळ होते. कांद्याची उजवी बाजू काळोखात आहे, पण अगदी कडेला, बशीच्या बाजूला, पुन्हा किंचित उजळ आहे. पांढऱ्या बशीवर पडलेला उजेड तिथे परत फिरला आहे. कल्हईच्या बधन्यावरची चकाकी धारदार आहे. तिच्यालगतच एकदम काळे आहे, आणि नीट पाहिले तर त्या चकाकीत खिडकीचे गजसुद्धा दिसतील. टॉवेलवर तसली चकाकी शोधू नका. आम्हां मास्तर लोकांचा एक दोष असा की, आम्ही मुलांना छायाप्रकाशाची एकच युक्ती शिकवतो आणि मुले धातू, कांदा व कापड या तिन्हींना तीच लावतात. मग सगळे चित्र प्लास्टिकचे होते.

धातूचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. आठवीच्या वर्गात मी पितळेचा तांब्या आणि दोन लिंबे मांडली होती. तांब्याला एका बाजूने मोठा पोचा होता. सगळ्यांनी तांब्या सरळ, गुळगुळीत काढला. एका मुलीने पोच्यासह काढला. नुसता पोचा काढला नव्हता. पोच्यात खिडकीचे प्रतिबिंब वाकडे झाले होते, तेही तिने काढले होते. मी तिच्या बाकाशी उभा राहिलो आणि म्हणालो, “परीक्षक समजेल की तुझी रेघ चुकली. हे काढून टाक.” ती म्हणाली, “सर, पण तो तिथे आहे.” मी तिच्या हातातला रबर घेतला आणि माझ्या हाताने तो पोचा पुसला, कड सरळ करून दिली. ती काही बोलली नाही. वर्षअखेर ती ग्रेड परीक्षेला बसली आणि चांगल्या श्रेणीने पास झाली. मला आनंद झाला. फार उशिरा माझ्या ध्यानात आले की, त्या दिवसानंतर तिने आपणहोऊन एकही चित्र मला दाखवायला आणले नव्हते. वर्गात सांगितलेले काढायची, नीटनेटके काढायची, वही मिटायची.

ती आज कुठे आहे मला माहीत नाही. परंतु या संस्थेच्या शिक्षकांना मी एवढेच सांगेन की, विद्यार्थ्याच्या कागदावर आपला हात चालवू नका. सुचवायचे असेल तर समासात काढून दाखवा किंवा वेगळ्या कागदावर.

आता या प्रदर्शनात, दाराजवळच्या भिंतीवर, वरून दुसऱ्या रांगेत एक चित्र लावले आहे. सातवीतल्या मुलाचे आहे. त्याला संकोच वाटू नये म्हणून नाव घेत नाही. गेल्या पावसाळ्यात मी या वर्गाला पाहुणा म्हणून येत होतो. टेबलावर आजच्यासारखाच बधना, दोन लिंबे आणि बशी होती. या मुलाच्या चित्रात बशीवर एक चष्माही होता, काच खाली करून उलटा ठेवलेला. टेबलावर चष्मा नव्हता. मी विचारले, “अरे, हा कुठून आला?” तो म्हणाला, “सर, आजोबांचा आहे. चहा पिताना ते असाच बशीवर उलटा ठेवायचे. बशी पाहिली आणि तो आठवला.” आजोबा चार महिन्यांपूर्वी वारले होते.

चष्मा चांगला काढला होता. काडी एका बाजूला दोऱ्याने बांधलेली, हेसुद्धा होते. परंतु सगळ्या वस्तूंच्या पडछाया उजवीकडे पडल्या होत्या आणि चष्म्याची पडछाया डावीकडे. त्याच्या घरी आजोबांच्या खाटेजवळची खिडकी उजव्या हाताला असावी. त्याला चष्मा त्याच्या उजेडासकट आठवला होता.

पन्नास वर्षांपूर्वीचा मी असतो तर रबर हातात घेतला असता. या वेळी मी खिशात हात घालून उभा राहिलो. त्याला म्हणालो, “तुझा चष्मा अजून घरच्या उजेडात आहे. या टेबलावर आला तर त्याची सावली कशी पडेल?” त्याने बराच विचार केला आणि विचारले, “सर, काचेची सावली पडते का?” खरे सांगतो, मला चटकन उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, “घरी चष्मा ठेवलेला असेल तर पाहून ये.”

दुसऱ्या दिवशी तो धावतच आला. आजोबांचा चष्मा कपाटात जपून ठेवलेला होता. आईच्या परवानगीने त्याने तो बशीवर उलटा ठेवला, दिवे मालवले आणि डाव्या बाजूने टॉर्च धरला. त्याने काय पाहिले? चौकटीची सावली गडद पडली. काचेचीही सावली पडली, पण तिच्या मधोमध उजेडाचा एक डाग होता, भोवतालच्या बशीपेक्षाही लख्ख. वाचण्याच्या चष्म्याचे भिंग बहिर्वक्र असते, ते उजेड गोळा करते, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी त्याला नंतर समजावून दिले. परंतु सावलीच्या मध्यभागी उजेड, ही गोष्ट त्याने आधी पाहिली आणि मग काढली. जाता जाता ते चित्र जरूर पाहा. बशीवर तो पांढरा डाग दिसेल. कागद कोरा सोडून ठेवलेला आहे, रंग लावलेला नाही.

मित्रांनो, स्थिरचित्रात कल्पनेची भर कशी घालावी असे तुम्ही मला नेहमी विचारता, म्हणून ही हकीकत एवढी लांबवली. आठवणीतली किंवा मनातली वस्तू टेबलावर आणायला कोणाची बंदी नाही. मात्र ती आली की तिने टेबलाची शिस्त पाळली पाहिजे. टेबलावरच्या वस्तू तुम्ही वरून पाहत असाल तर तीही वरूनच दिसली पाहिजे. उजेड डावीकडून असेल तर तिलाही डावीकडूनच. ती कुठेतरी टेकली पाहिजे, आणि टेकते तिथे गडद सावली पाहिजे, नाहीतर ती हवेत तरंगते. तिच्या शेजारच्या वस्तूवर तिचा काही परिणाम झाला पाहिजे. लाल डबा मनातून आणून पांढऱ्या बशीशेजारी ठेवला तर बशीच्या त्या कडेला लालसर झाक यायला हवी. आणि यातले काही ठाऊक नसेल, तर त्या मुलासारखे उठून पाहून यायचे. कल्पनेने त्याला कपाटापर्यंत पाठवले. कपाटाने त्याला जे दिले ते त्याला बसल्या जागी सुचणे शक्य नव्हते. मलाही सुचले नसते.

युरोपातल्या फ्लेमिश व डच चित्रकारांनी सतराव्या शतकात फुलदाण्यांची जी चित्रे काढली, त्यांत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत टवटवीत दिसतात. आपल्याकडे आंब्याच्या मोहोराची डहाळी आणि श्रावणातला तेरडा एकत्र मांडल्यासारखे ते आहे. असा गुच्छ प्रत्यक्षात मिळणे अवघडच. परंतु त्यातले एकेक फूल मात्र पाहून काढलेले असे. यान ब्रुगेल हा थोरला चित्रकार अँटवर्पला राहत असे. तिथे न मिळणाऱ्या फुलांसाठी आपण ब्रसेल्सला जाऊन ती पाहून काढली, असे त्याने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओ यांना पत्राने कळवले होते. फुले हंगामाहंगामाने अभ्यासायची आणि गुच्छ मनात बांधायचा, अशी ती रीत होती. सगळ्या फुलांवर उजेड मात्र एकाच खिडकीचा.

याच परंपरेत हॉलंडची राखेल राइश होऊन गेली, १६६४ ते १७५०. वडील वनस्पतिशास्त्राचे आणि शरीररचनेचे प्राध्यापक. त्यांच्या संग्रहातल्या वनस्पती आणि कीटक पाहत ती वाढली. तिला दहा मुले झाली. तरीही तिने हातातला कुंचला ठेवला नाही, आणि ऐंशी ओलांडल्यावरही चित्रांवर सहीबरोबर आपले वय लिहीत असे. मुलीला घरकामामुळे चित्रकलेला वेळ नाही, असे सांगणाऱ्या भगिनींसाठी हे मुद्दाम सांगितले. मुलांनाही थोडे घरकाम दिले तर मुलींचा वेळ निघेल, ही सूचनाही बिनखर्चाची आहे.

फुले झाली. पण कल्पनेचे आणखी एक काम आहे, आणि ते भर घालण्याच्या उलट आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात जॉर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होता. १८९० साली जन्मला, १९६४ साली वारला. अविवाहित, तीन बहिणींबरोबर राहणारा. त्याची झोपायची खोली हाच त्याचा स्टुडिओ. बाटल्या, डबे, फुलदाण्या, पेले, एवढेच सामान त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा मांडले आणि काढले. काही बाटल्यांची चकाकी मोडावी म्हणून तो त्यांना रंग फासून ठेवी. वस्तूंवर धूळ साचली तर ती तशीच राहू देई. एक बाटली चार बोटे सरकवली की त्याच्या दृष्टीने नवे चित्र तयार होई. त्याला पाहायला दुसरे काही मिळत नव्हते असे नाही. काय वगळायचे हे त्याने ठरवले होते, आणि वगळण्यासाठीही मनात आधी चित्र असावे लागते. तुमच्यापैकी जे विद्यार्थी टॉवेलचे सतरा रंगीत पट्टे मोजून काढतात आणि मग बधन्यासाठी वेळ उरत नाही म्हणून रडकुंडीला येतात, त्यांनी मोरांदीची चित्रे पाहावीत.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर के. एच. आरा यांचे घ्या. १९१४ साली हैदराबाद संस्थानात, सिकंदराबादेजवळच्या बोलारमला जन्म. लहानपणीच मुंबईला आले. घरगड्याचे काम केले, मोटारी धुतल्या. कलाशाळेचे रीतसर शिक्षण नाही. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, त्यात आरा होते. त्यांची ख्याती ज्या विषयांवर झाली त्यांत फुलदाण्या आणि फळे, म्हणजे आपले हे स्थिरचित्रच, ठळकपणे आहे. जलरंग ते असे दाट लावीत की तैलरंग वाटावेत. १९८५ साली ते वारले. मुंबईला जाल तेव्हा एखाद्या कलादालनात त्यांचे चित्र आहे का, याची चौकशी करा. छापील चित्रावरून त्या रंगाचा दाटपणा समजत नाही.

पालकांच्या दोन प्रश्नांना उत्तरे दिल्यावाचून मला इथून जाता येणार नाही. चित्रे काढून पोट भरते का, हा पहिला. थोड्यांचे भरते, बहुतेकांचे भरत नाही. मी खोटी आशा दाखवणार नाही. परंतु सुतार, शिंपी, ओव्हरसियर, सर्जन, मोटार मेकॅनिक, यांतला प्रत्येक जण आतला, न दिसणारा भाग मनात उभा करून काम करतो. कांद्याचा झाकलेला भाग काढायला शिकलेला मुलगा तेच शिकलेला असतो. माझा एक विद्यार्थी आज आखातात पाइपलाइनच्या कामावर फोरमन आहे. चित्रकलेत त्याला जेमतेम सी श्रेणी होती. तो सुट्टीत भेटला की म्हणतो, “सर, ती मागची कड अजून काढतो.”

दुसरा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात, चित्र काढणे आपल्यात चालते का? मी आलिम नाही. तो प्रश्न जाणकारांना विचारावा. एवढे मात्र माझ्या वाचनात आहे की, चित्रांवर उपजीविका असलेला एक मनुष्य हजरत इब्ने अब्बास यांच्याकडे आला, तेव्हा झाडे आणि निर्जीव वस्तू काढ, असे त्यांनी त्याला सुचवल्याचे हदीसमध्ये आले आहे. माझ्या या टेबलावर सजीव काही नाही. कांद्याला कोंब फुटला तर तेवढा अपवाद.

घरी करण्याजोगा एक अभ्यास सांगतो आणि थांबतो. एक वस्तू निवडा. चहाची किटली चालेल, अडकित्ता चालेल, जुना कंदील मिळाला तर उत्तम. पहिल्या दिवशी ती समोर ठेवून काढा. दुसऱ्या दिवशी ती कपाटात ठेवा आणि आठवणीने काढा. तिसऱ्या दिवशी आठवणीनेच काढा, पण उजेड दुसऱ्या बाजूने आहे असे समजून. चौथ्या दिवशी वस्तू बाहेर काढा, खरोखरच दुसऱ्या बाजूने टॉर्च धरा, आणि तिसऱ्या दिवशीचे चित्र शेजारी ठेवून कुठे फसलात ते पाहा. ती फसलेली जागा पुसू नका. तिच्याभोवती पेन्सिलीने बारीक गोल करा आणि तारीख घाला. अशी एक वही वर्षभर भरा. आयांना विनंती की, हे चार दिवस ती किटली मुलाकडे राहू द्यावी आणि चहा पातेल्यात करावा.

आता मागच्या बाकांवर पाहा. तिथे कागद, पेन्सिली आणि बोर्ड ठेवलेले आहेत, आणि ते फक्त विद्यार्थ्यांसाठी नाहीत, पालकांसाठीही आहेत. खिडकीतला उजेड अजून तासभर असाच राहील, नंतर तो भिंतीवर चढेल आणि पडछाया बदलतील. बधन्याच्या डाव्या बाजूला, तोटीच्या जरा खाली, एक पोचा आहे. पहिल्या दोन रांगांना तो दिसणार नाही. ज्यांना काढायचा असेल त्यांनी खुर्ची खिडकीच्या बाजूला घ्यावी.